तुझ्या सिनेमातली पहिली बाई

प्रणाली, मेल्यावर डोळे कसे ठेवायचे हे मला तू शिकवलंस. उघडे ठेवायचे, पण कशाकडेही बघायचं नाही. मी म्हटलं, "उघडे डोळे कुठंतरी बघणारच ना गं?" तू मोबाइलच्या स्टँडमागून म्हणालीस, "भिंतीच्या पलीकडं बघ, ताय. भिंतीवर न्हाय, पलीकडं." मी पलीकडं बघायला गेले तर मला आमच्या गावचा ओढा दिसला, ओढ्याकाठी माझी पोरगी दिसली आणि डोळ्यांत पाणीच आलं. तू ओरडलीस, "कट! अरे, बॉडी रडतेय!" तुझ्या कॉलेजातला फैजान हसता हसता खाली बसला.

हे आठवलं की अजून हसू येतं. आणि हसू आलं की मी इकडंतिकडं बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. तुला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. चाळीत अजून टीव्हीसुद्धा हळू लावतात.

तुझ्या वर्गातल्या गौरीनं सांगितलं की कॉलेजात तुझ्या आठवणींचं छोटं पुस्तक काढताहेत, सिनेमात काम केलेल्या सगळ्यांनी लिहायचं. मी म्हटलं, बाई, माझी शाळा सहावीत सुटली, मी काय लिहिणार? ती म्हणाली, "तुम्ही प्रणालीशी ओट्यावर जशा भांडायच्या, तसंच लिहा. शुद्धलेखनाचं मी बघते." म्हणून लिहितेय. भांडण अर्धं राहिलंय, हे तर तिलाही माहीत आहे.

तुला तो पहिला दिवस आठवतो का? मी कोन गावातल्या तुमच्या चाळीत नवीन होते. मानकोलीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले होते. ड्युटीवरून येऊन भात टाकला होता आणि तू दारात उभी. घरमालकाची मुलगी दारात आली की भाडेकरूला एकच सुचतं. मी म्हटलं, "खोली सोडायची आहे का?"

"न्हाय गो," तू म्हणालीस. "तुला मारायचंय."

माझ्या हातातली पळी हातातच राहिली. मग तूच पोट धरून हसलीस. "पिच्चरमधी गो, ताय! कॉलेजचा पिच्चर हाय. थ्रिलर."

"आणि मलाच का?"

"तुला इथं कोन वलखत न्हाय ना, म्हनून."

किती सरळ बोललीस. मग ती सगळी गंमत सांगितलीस. आधी तू तुझ्या चुलत वहिनीला, रंजनाला, मेलेली दाखवलं होतंस. चांगलं शूटिंग केलं आणि हौसेनं अंगणात टीव्ही लावून घरच्यांना दाखवलं. पडद्यावर प्रेत आलं तशी तुझी एक आत्या ओरडली, "आगो, रंजी! ती लग्नातली साडी कशाला नेसलीस मरायला?" सगळं अंगण हसलं. रंजनाची सासू तर दुसऱ्या दिवशी भांडायलाच आली, माझ्या सुनेला कुणाला विचारून मारलीस म्हणून. तू डोक्याला हात लावून म्हणालीस, "कोनमधी कोनालाच मारता येत न्हाय गो. सगले सगल्यांचे नातेवाईक. भीती वाटायला अनोळखी मानूस लागतो."

ते ऐकून मीही हसले. पण तू गेल्यावर भात करपला तरी मला कळलं नाही. कारण ज्या गोष्टीची मला इथं आल्यापासून धास्ती होती, तीच तुझ्या कामाची निघाली. आमच्या गोडाऊनला एक बाई लाइनवर चक्कर येऊन पडली होती. सुपरवायझर सगळ्यांना विचारत फिरला, हिच्या घरचा नंबर कुणाकडे आहे? एकीकडेही नव्हता. तिच्या फोनला लॉक. ती थोड्या वेळानं उठून बसली, चहा प्याली, कामालाही लागली. मी मात्र त्या दिवसापासून रस्ता ओलांडताना दोनदा बघते. माझी आई आणि पोरगी किनवटकडच्या खेड्यात, नवरा कधीच वेगळा झालेला. मला इथं काही झालं तर गावी कोण कळवणार? हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही. तुला वाटायचं मी हट्टी आहे.

तरी मी हो म्हटलं. कुणीतरी माझ्या चेहऱ्याकडं काम म्हणून का होईना, नीट बघत होतं. आणि खरं सांगू, मला उत्सुकता होती. सिनेमात माणूस घाबरतो तो नक्की कशाला घाबरतो?

ते तू ओट्यावर बसून शिकवलंस. फोनवर एखाद्या थ्रिलरचा सीन लावायचीस आणि आवाज बंद करायचीस. "आता बघ." मी बघायचे. एक मुलगी जिना चढतेय. बस, एवढंच. "वाटली भीती?" नाही. मग आवाज सोडायचीस आणि माझ्या अंगावर काटा यायचा. तीच मुलगी, तोच जिना. मला हे इतकं नवल वाटलं की गोडाऊनमध्ये पट्ट्यावरून खोकी येताना मी मनातल्या मनात तसला आवाज लावून बघितला. प्रणाली, शपथेवर सांगते, साबणाच्या खोक्याचीही भीती वाटली.

मग मला नादच लागला. मानकोलीच्या नाक्यावर उतरून चालताना मागून कुणी येत असलं की मी विचार करायचे, हा माणूस भीतीदायक आहे की फक्त माझ्या मागं आहे म्हणून तसा वाटतो? कॅमेरा त्याच्या मागं ठेवला तर? मग तोच बिचारा घरी चाललेला दिसेल, हातात मेथीची जुडी घेऊन. हे तुला सांगितलं तेव्हा तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि म्हणालीस, "ताय, तू आमच्या वर्गात यायला पायजेस." ते वाक्य मी आईला फोनवर सांगितलं होतं. आई म्हणाली, "मग जा की." तिला वाटलं खरंच बोलावलंय.

शूटिंग शुक्रवारी ठेवलंस, भिवंडीतल्या कापडाच्या लूमना तेव्हा सुट्टी असते म्हणून. धामणकर नाक्याजवळ फैजानच्या मामाचा कारखाना. मला दोन लूमच्या मधल्या गल्लीत निजवलं. तुझी युक्ती मला तेव्हा कळली नव्हती, नंतर कळली. बाकीच्या सिनेमात काहीतरी धाडकन वाजतं आणि लोक दचकतात. तू म्हणालीस, भिवंडीत वाजण्याला कोण घाबरतं? इथली पोरं लूमच्या खटखटीत झोपतात आणि खटखट थांबली की जागी होतात. म्हणून तू सुरुवातीपासून नुसता लूमचा आवाज ठेवलास, दुसरं संगीत काही नाही. आणि माझं प्रेत दिसतं तिथं सगळे लूम एकदम बंद. पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा मी चाळीच्या ओट्यावर दिवसाउजेडी कानांवर हात ठेवले होते. शांततेवर!

त्या शुक्रवारी संध्याकाळी आपण परत आलो तर फाटकात काकी, तुझी आई. माझ्या कपाळावरून ते साखरेच्या पाकातलं लाल रक्त अजून ओघळत होतं. त्यांनी अशी किंकाळी फोडली की सिनेमात तशी कुणीच फोडली नाही. खरं कळल्यावर तुझ्यावर घसरल्या, "जितं मानूस मेलेलं दाखवतंस? अक्कल हाय का नाय गो तुला?" मला पायरीवर बसवलं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. "बघ, ठसकासुदा लागला नाय. कवडी दिष्ट व्हती!" मग म्हणाल्या, "आता हस. मोठ्यानं हस. आनि तुजा नाव सांग. मेल्याचा सोंग घेतला की उठून आपला नाव सांगायचा असतो." मी सांगितलं, "संगीता." "मोठ्यानं!" "संगीता!" तू बाजूला उभी राहून हे सगळं फोनवर शूट करत होतीस आणि हसत होतीस.

तुझी दृष्ट काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मेलेली मी होते ना. मी असल्या गोष्टी मानते असं नाही, पण हा विचार डोक्यातून जात नाही, काय करू?

त्याच पायरीवर आपलं भांडण सुरू झालं आणि पुढं कित्येक दिवस चाललं. काकी आत गेल्या आणि मी विचारलं, "मी माझं नाव सांगितलं. पण त्या बाईचं नाव काय?"

"कुठल्या बाईचं?"

"जी मेली तिचं."

"तिला नाव न्हाय. पयली बॉडी हाय ती."

"असं कसं? आईबापांनी ठेवलं असेल की काहीतरी."

"ठेवलं आसंल. पिच्चरला म्हायती न्हाय."

पुढं सिनेमात तुझी हिरोइन, स्कूटीवाली कॉलेजची मुलगी, शोध घेते तेव्हा भिंतीवर फोटो लावते. सगळ्यांच्या फोटोखाली नावं आहेत. माझ्या खाली लिहिलंय, अज्ञात महिला. मी म्हटलं, मी आता इतके सिनेमे बघितले तुझ्यामुळे, प्रत्येकात पहिलं कोण मरतं ते मला पाठ झालंय. कामवाली, वॉचमन, रस्त्यावरचा दारुडा, कारखान्यातली बाई. कुणी त्यांच्या घरी जात नाही. "एक सकाळ दाखव माझी. डबा भरताना, फोनवर पोरीशी बोलताना. मग मार खुशाल."

"सकाळ दाखवली तर लोक रडतील, ताय. रडनारा मानूस घाबरत न्हाय. सुरवात थंड पायजे."

"पण घाबरायचं कुणासाठी?"

"पुढच्या पोरीसाठी. हिरोइनसाठी."

"म्हणजे मी मेले ते तिच्यासाठी?"

तू नखं खात बसलीस. मग मी फैजानचं काढलं. तुझ्या गोष्टीत आधी पहिला संशय लूमवाल्यावर होता, खांद्यावर गमछा टाकलेल्या. फैजान भडकला होता, "हर पिक्चर में हमारा लूमवालाच काहे को? मेरे मामू को देख, चूहा मारने को भी बाजूवाले को बुलाता है!" तू तो सगळा भाग काढून टाकलास. मी म्हटलं, "त्याच्या मामाला सोडवलंस. मला का नाही सोडवत?"

"मामावरचा संशय खोटा व्हता म्हनून काढला," तू म्हणालीस. "तुझं खरं हाय. अशाच मरतात बायका, नि नाव कोनाला ठाऊक नसतं. मी खरं तेच दाखवते."

"दाखवतेस, का तसंच पुढं चालू ठेवतेस?"

हे कसं माझ्या तोंडून गेलं कुणास ठाऊक. तू चमकून बघितलंस. तुला राग आला असं मला वाटलं आणि मी घाबरले. शेवटी मी भाडेकरू. पण तू रागावली नव्हतीस. तू हळूच म्हणालीस, "ज्याला नाव सांगितलं तो कशाला इचारंल? न सांगता सोडलं तर एकजन तरी इचारंल, ही कोन व्हती? मना तो एकजन पायजे."

"कुणीच विचारणार नाही, प्रणाली. मला माहीत आहे."

"रविवारी बोलू. पटव मना. पटलं तर तुझी सकाळ शूट करू."

रविवारी तुला ताप होता. पुढचं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

नंतर गौरी आणि फैजान माझ्या खोलीवर आले. सिनेमा जवळजवळ झाला होता, कॉलेजात तुझ्या नावानं दाखवायचं ठरलं होतं. गौरी म्हणाली, "ताई, तुमचा सकाळचा सीन राहिलाय. करायचा का?" फैजान म्हणाला, "वो मान गई थी, दीदी. आधी तो मान ही गई थी." गौरी म्हणाली, "नव्हती मानली. मला म्हणाली, सुरुवात थंडच हवी." दोघं माझ्याकडं बघायला लागले. तुझा सिनेमा माझ्या हातात येऊन पडला होता.

मला तो सीन हवा होता गं. किती हवा होता ते तुला कळलं नसतं. त्या बाईचं नावसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं, मनातल्या मनात. कुठला डबा, पोरीशी काय बोलेल, सगळं ठरलं होतं. हो म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात झालं असतं. पण तू म्हणाली होतीस, पटव मला. तुला पटलं की नाही हे मला कधी कळणार? तू समोर बसून नखं खात नाहीस, उलटं बोलत नाहीस, आणि मी आपली एकटीच बरोबर ठरायचं? मी म्हटलं, "नको. तिनं केलाय तसाच दाखवा." फैजान जाताना दारात थांबून म्हणाला, "पक्का, दीदी?" मी मान हलवली आणि दार लावून रडले. तुझ्यासाठी रडले की त्या सीनसाठी, ते विचारू नकोस.

आणखी एक भीती होती. तू गेल्यापासून काकी माझ्याशी बोलत नव्हत्या. नळावर समोर आले की हंडा उचलून आत. मला वाटायचं, त्यांना माझ्यात काय दिसत असेल? रक्तानं माखून मेलेली होऊन आले, हसले, नाव सांगितलं आणि जिवंत राहिले. त्यांची लेक... मी नळावर जायची वेळ बदलली. खोली सोडावी का, असंही मनात आलं.

सिनेमा दाखवला त्या दिवशी काकी आल्या. तुझे बाबा आले नाहीत. काकी पुढच्या रांगेत रंजनाजवळ बसल्या, मी मागं भिंतीला लागून. लाइट गेले. खटखट सुरू झाली. हॉलमधल्या निम्म्या पोरांना तो आवाज घरचाच, कुणी गप्पा मारतंय, कुणी वेफर्स खातंय. आणि मग लूम थांबले. प्रणाली, तू तिथं असायला हवी होतीस! वेफर्सचा हातसुद्धा थांबला. पुढून एक मुलगी "या अल्ला" म्हणाली ते मागं मला ऐकू आलं. पडद्यावर मी पडले होते, भिंतीच्या पलीकडं बघत. मला स्वतःची भीती वाटली. तू बरोबर होतीस, सकाळ दाखवली असती तर हे झालं नसतं. हे मी कबूल करते.

पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी कान लावून बसले होते. कुणी विचारतंय का? फोटोंची भिंत आली, अज्ञात महिला आलं, गेलं. गोड बोलणारा पाणीवाला काका खुनी निघाला, शिट्ट्या पडल्या, टाळ्या पडल्या. मग प्रश्न विचारायला सांगितलं. कुठल्या मोबाइलवर शूट केलं, लूमचा आवाज कसा घेतला, खुनी आधीच कुणी ओळखला होता. एक सर सिनेमातल्या बायकांच्या चित्रणावर छान बोलले. मला सगळं कळलं नाही, पण तुझं नाव पुन्हा पुन्हा येत होतं म्हणून ऐकत राहावंसं वाटलं. कार्यक्रम संपला. त्या बाईबद्दल कुणीच विचारलं नाही.

मी जिंकले होते. तुला ते सांगायलाही मिळणार नव्हतं. मी चप्पल शोधत होते तेवढ्यात खांद्यावर हात पडला. काकी. इतक्या दिवसांनी त्या माझ्या तोंडाकडं नीट बघत होत्या.

"गो संगीता," त्या म्हणाल्या, "ती पयली बाय. कोन व्हती ती?"

मी चप्पल शोधायची थांबले.

"तिच्या घरी कुनी कलवला का?"

"काकी, सिनेमा आहे तो."

"म्हायती हाय मना. तरी इचारते. तिची आय आसंल ना कुठं? वाट बघत आसंल ना ती?"

तू बघत होतीस का गं कुठून? तो एकजण तुझ्या घरातच निघाला. मी त्यांना त्या बाईचं नाव सांगितलं. तुला कधी सांगितलं नव्हतं ते. डबा सांगितला, पोरगी सांगितली, सगळी सकाळ तिथं हॉलच्या दाराशी उभ्या उभ्या सांगितली. काकी मधेच "हा... हा..." करत होत्या. "आनि कलवला?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही कळवलं, काकी. तिच्या घरचा नंबर इथं कुणाकडे नव्हता."

काकींनी कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला. "तुज्या आयचा नंबर हाय ना? टाक यात. मना टाकता येत नाय. प्रणालीच टाकायची."

मी नंबर टाकला. नाव काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, "संगीताची आय." बरोबर गेलाय का बघते म्हणून त्यांनी तिथल्या तिथं लावला. गावाकडं माझ्या आईनं उचलला. अनोळखी नंबर म्हणून ती घाबरून इतक्या मोठ्यानं बोलली की मलाही ऐकू आलं, "कोन? कोन बोलायलंय? संगीताला काय झालं?"

"काय नाय झाला, बाय, घाबरू नको," काकी म्हणाल्या. "तुजी लेक माज्या समोर उभी हाय. मी प्रणालीची आय बोलते."